लिनक्स संगणकावरील छपाईचे दोष व निवारण (नंदुरबार जिल्हा)

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावरून घेतलेली प्रत फिकी, पट्टेदार, डागाळलेली, पुसट कडांची किंवा चुकीच्या अक्षरांची निघणे, याला व्यवहारात ‘प्रिंट खराब येते’ असे म्हणतात. कारण कधी प्रिंटरच्या यंत्रात असते, कधी कागदात वा शाईत, तर कधी संगणकातील ड्रायव्हर, मांडणी किंवा फाँटमध्ये. निवारणाची पहिली पायरी म्हणजे दोष यंत्रातला की संगणकातला हे ठरवणे. हे न ठरवता टोनर बदलण्याची आणि ड्रायव्हर पुन्हा टाकण्याची जी धावपळ होते, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

जिल्ह्यातील संदर्भ : धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके. 2011च्या जनगणनेनुसार येथील सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्यामुळे जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, वनहक्काचा दावा, सातबारा अशा कागदांवर येथील माणसाचे बरेच काही अवलंबून असते. अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीचे कार्यालयही नंदुरबारला आहे. मूळ प्रतीची झेरॉक्स, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, असा या कागदांचा प्रवास चालतो. पहिल्या प्रतीत जेमतेम वाचता येणारे अक्षर तिसऱ्या प्रतीत नाहीसे होते. म्हणून येथे छपाईची प्रत जोखताना ती कागदावर कशी दिसते एवढे पाहणे पुरत नाही. तिची झेरॉक्स कशी निघते हेही पाहावे लागते.

सेवा केंद्रे आणि खासगी दुकानांतून विंडोजचाच वापर जास्त. सरकारी व्यवहारात लिनक्सचा सर्वांत ठळक वापर न्यायालयांत आढळतो. 2007 साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीने जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्सची खास जुळवलेली आवृत्ती स्वीकारली. निकालपत्रे, रोजनामे, समन्स अशी कागदांची रास तिथे रोज छापली जाते. सी-डॅकने 2007 मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स आवृत्तीही सरकारी वापरासाठीच होती. जुना संगणक जिवंत ठेवण्यासाठी त्यावर लिनक्स टाकणारे शिक्षक आणि हौशी लोक हा आणखी एक छोटा गट.

छपाईची यंत्रणा : लिनक्सवरची छपाई ‘कप्स’ या प्रणालीमार्फत होते. मायकेल स्वीट यांनी 1997 मध्ये तिचे काम सुरू केले. ॲपलने 2002 मध्ये ती मॅकसाठी स्वीकारली आणि 2007 मध्ये तिचे हक्क विकत घेतले. स्वीट ॲपलमधून बाहेर पडल्यानंतर ‘ओपनप्रिंटिंग’ या गटाने तिचा विकास पुढे चालवला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागेही एक प्रिंटरच आहे, ही गंमत इथे नोंदवण्यासारखी : एमआयटीच्या प्रयोगशाळेतील झेरॉक्स कंपनीच्या लेझर प्रिंटरचा कागद सारखा अडके आणि त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड मिळेना, हा अनुभव या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन आपल्या भूमिकेचे एक कारण म्हणून सांगत आले आहेत.

छापायला दिलेला दस्तऐवज आधी बहुधा पीडीएफ होतो. मग गाळण्यांच्या मालिकेतून, म्हणजे घोस्टस्क्रिप्ट किंवा पॉपलरसारख्या आज्ञावलींतून, त्याचे ठिपक्यांत रूपांतर होते आणि ड्रायव्हर ते प्रिंटरला कळेल अशा भाषेत पाठवतो. या साखळीत कुठेही रिझोल्यूशन उतरले की अक्षराच्या कडा दातेरी होतात आणि पुढच्या कुठल्याही पायरीला त्या नीट करता येत नाहीत.

तीन पानांची चाचणी : निदानासाठी तीन पाने छापावीत. पहिले पान प्रिंटरचे स्वतःचे. संगणकाची केबल काढून, प्रिंटरवरील बटणाने चाचणी पान किंवा नोझल तपासणीचे पान काढावे. टाकीवाल्या अनेक इंकजेटमध्ये प्रिंटर बंद असताना ठरावीक बटण दाबून धरून तो चालू केला की हे पान निघते. स्कॅनर जोडलेल्या यंत्रावर साधी झेरॉक्स काढली तरी काम भागते. या पानातच पट्टे असतील तर लिनक्सला हात लावण्याचे कारण नाही. दुसरे पान कप्सचे : ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे 631 क्रमांकाचे पोर्ट उघडून, प्रिंटर निवडून तेथून चाचणी पान पाठवावे. पहिले चांगले आणि दुसरे वाईट आले तर दोष ड्रायव्हरात किंवा मांडणीत. तिसरे पान म्हणजे तक्रार असलेला मूळ दस्तऐवज. पहिली दोन चांगली येऊन हेच बिघडले तर फाइल, फाँट किंवा ती ज्या सॉफ्टवेअरमधून छापली ते सॉफ्टवेअर तपासावे. आधी कप्सचे पान छापले आणि ते बिघडले, तर दोष यंत्रातलाही असू शकतो. म्हणून हा क्रम मोडू नये.

यंत्रातील दोष आणि देवनागरी : इंकजेटचे हेड कागदावर आडवे फिरते, त्यामुळे एखादे छिद्र तुंबले की पांढरी रेघही आडवीच पडते. रोमन लिपीत अशी रेघ अक्षराच्या मधून गेली तरी उभ्या दांड्या शाबूत राहतात आणि शब्द ओळखू येतो. मराठीत ती शिरोरेषेवर आली तर पूर्ण ओळीचे डोके उडते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला मुख्य भेद शिरोरेषा तुटलेली आहे की सलग यावर आहे. अशा प्रतीत ‘धडगाव’ आणि ‘घडगाव’ यांत फरक राहत नाही, आणि जिथे आडनावाच्या एका अक्षरावरून त्रुटी निघते तिथे हा दोष किरकोळ म्हणता येत नाही. घाईच्या, म्हणजे ‘ड्राफ्ट’ छपाईत हेड एका ओळीवरून एकदाच जाते, म्हणून रेघ स्पष्ट दिसते. उत्तम प्रतीच्या छपाईत ते पुन्हा पुन्हा फिरून ती बरीचशी झाकते. गुणवत्ता वाढवल्यावर रेघ गेली म्हणजे छिद्र मोकळे झाले असे समजू नये.

छिद्र तुंबण्यामागे येथील हवा आणि सुट्ट्या दोन्ही असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि नेमका याच काळात शाळांतला प्रिंटर बंद असतो. उघडल्यावर हेड जाम. आठवड्यातून एकदा चारही रंगांचे एक पान काढत राहणे हा सर्वांत स्वस्त उपाय. जाम झालेच तर हेड क्लीनिंग करावे; एप्सनच्या अनेक प्रिंटरांसाठी ते गुटेनप्रिंट या ड्रायव्हरसंचासोबत येणाऱ्या ‘एस्कप्युटिल’ने, एचपीसाठी एचपीलिप या ड्रायव्हरसंचाच्या टूलबॉक्समधून लिनक्सवरूनही करता येते. मात्र ओळीने तीनदा करून फरक पडला नाही तर काही तास थांबावे. प्रत्येक सफाईत शाई खर्च होते आणि ती आतल्या टाकाऊ शाईच्या पॅडमध्ये जाऊन बसते.

लेझरमध्ये खूण वेगळी. कागद पुढे सरकत असतो, म्हणून तेथे ओरखडा उभा उमटतो : ड्रमवर चरा गेला असेल किंवा पुसणारे ब्लेड झिजले असेल तर वरपासून खालपर्यंत काळी रेघ येते. एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा उमटत असेल तर पट्टी घेऊन ते अंतर मोजावे. बारा-ए या सर्वपरिचित कार्ट्रिजच्या ड्रमचा परीघ सुमारे साडेसात सेंटिमीटर आहे. डाग एका पानावर तेवढ्या अंतराने तीन-चारदा आला तर दोषी ड्रमच. अंतर वेगळे निघाले तर दुसरा एखादा रोलर पाहावा. सगळे पान करडे दिसणे ही वारंवार भरून घेतलेल्या टोनरची ओळख : टोनरची पूड त्या यंत्रासाठीची नसणे किंवा टाकाऊ पुडीचा कप्पा भरणे. कार्ट्रिज हलवून पुन्हा बसवल्यावर प्रत काही काळ सुधारत असेल तर पूड संपत आली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कागद : पावसाळ्यात तोरणमाळ-धडगावच्या डोंगरपट्ट्यात उघड्यावर राहिलेले रीम ओल धरते. इंकजेटवर अशा कागदात शाई पसरते. लेझरवर कागद वळतो आणि मधेमधे फिके ढग दिसतात. रीमचे वेष्टन लागेल तेवढेच फोडावे, उरलेले कपाटात ठेवावे.

न्यायालयीन कामात जाड हिरव्या लेजर पेपरची एक वेगळीच अडचण आहे. अक्षर काळेभोर उमटते, पण बोट फिरवले की पूड निघते. इथे टोनर नव्हे, तापमान कमी पडलेले असते. कागद जाड असल्याचे प्रिंटरला कळले तरच पूड कागदावर वितळवून चिकटवणारा फ्युजर जास्त तापतो किंवा कागद सावकाश जातो, आणि लिनक्सवरून जाणारा हुकूम बहुधा ‘साधा कागद’ असाच असतो. प्रिंटरच्या पर्यायांत कागदाचा प्रकार जाड निवडला की हे थांबते. ड्रायव्हरात तो पर्याय नसेल तर कागद बदलणेच बरे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ए-फोर कागदाची दोन्ही बाजूंची छपाई स्वीकारल्यापासून लीगल आकाराचा आग्रह सैल होत गेला आहे, पण जुने नमुने अजून त्याच मापाचे असतात. नमुना लीगल आणि ट्रेमध्ये ए-फोर, अशा वेळी संगणक पान आखडून छापतो आणि अक्षरे बारीक होतात. नव्याने टाकलेल्या प्रणालीत मूळ माप ‘लेटर’ राहून गेले असेल तर त्याचाही असाच घोळ होतो.

ड्रायव्हर आणि मांडणी : एचपीचा लेझरजेट 1020 आणि कॅननचा एलबीपी 2900 ही कार्यालयांतून वर्षानुवर्षे टिकलेली दोन यंत्रे. दोन्ही स्वस्त, दोन्ही दणकट, आणि लिनक्सवर दोन्ही हट्टी. कारण पान तयार करण्याचे काम ती स्वतः न करता संगणकावर सोपवतात. पहिल्याला दर वेळी चालू झाल्यावर फर्मवेअर पाठवावे लागते, त्यासाठी एचपीलिपचे प्लगइन किंवा फूटूझेडजेएस हा ड्रायव्हर लागतो. दुसऱ्याला कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो. अशा यंत्रांना जवळच्या मॉडेलचा ड्रायव्हर लावून पाहण्यात अर्थ नसतो. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल समजणारे प्रिंटर मात्र ‘जेनेरिक’ ड्रायव्हरवर चालतात, पण बऱ्याचदा कमी रिझोल्यूशनवर. म्हणजे छापून येते, चांगले येत नाही, आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.

सर्वांत फसवा प्रकार दोन रांगांचा, म्हणजे एकाच प्रिंटरच्या संगणकातील दोन नोंदींचा. नव्या उबुंटूत प्रिंटर जोडताच ड्रायव्हरविना चालणारी एक रांग आपोआप तयार होते. आधी हाताने केलेली दुसरी शिल्लक असते. नावे जवळजवळ सारखी. माणूस एकीत 600 डीपीआय निवडतो आणि छापतो दुसरीतून. नको असलेली रांग काढून टाकावी. तसेच, कप्सच्या पानावर सर्वांसाठी केलेली मांडणी एखाद्या वापरकर्त्याच्या जुन्या वैयक्तिक मांडणीपुढे चालत नाही. एकाच संगणकावर साहेबांच्या खात्यातून प्रत चांगली आणि कारकुनाच्या खात्यातून फिकी येत असेल तर आधी हेच पाहावे. ‘एलपीऑप्शन्स’ ही आज्ञा त्या खात्यातील चालू पर्याय दाखवते. त्यात टोनर बचत किंवा ड्राफ्ट सापडण्याचा संभव मोठा.

इंकजेटवर काळा मजकूर तांबूस-निळसर कडांचा दिसत असेल तर तो रंग मिसळून छापला जात आहे. ‘फक्त काळा’ किंवा ग्रेस्केल निवडावे आणि कागदाचा प्रकार ‘फोटो’ राहिलेला नाही ना ते पाहावे.

फाँट आणि क्यूआर : जुन्या दस्तऐवजांत श्री-लिपी, आकृती यांसारखे युनिकोडपूर्व फाँट असतात. तो फाँट नसलेल्या लिनक्स संगणकावर अशी फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खच दिसतो. याला ‘प्रिंट बिघडली’ म्हणतात खरे, पण प्रिंटर निर्दोष असतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हा कायमचा उपाय. तोवर, मूळ संगणकावरच फाँट अंतर्भूत करून पीडीएफ करून आणावी. युनिकोड मजकुरातही मंगल फाँट नसेल तर लोहित किंवा नोटो त्याची जागा घेतो. अक्षरे बरोबर येतात, पण ओळी सरकतात आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते.

आधार क्रमांकांच्या वाटपाचा प्रारंभ याच जिल्ह्यातील टेंभली गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी झाला. आता ई-आधारवर दाट क्यूआर असतो, डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावरही पडताळणीचा क्यूआर असतो. ड्राफ्ट छपाईत किंवा टोनर बचतीत त्याचे बारीक चौकोन एकमेकांत मिसळतात. क्यूआर चित्र म्हणून बसवलेला असेल तर ‘पानात बसवा’ या पर्यायानेही त्याच्या कडा बिघडतात. पीडीएफ दर्शकातून 100 टक्के मापात, साध्या किंवा उत्तम प्रतीत छापावे आणि कागद हातावेगळा करण्याआधी मोबाइलने क्यूआर वाचून पाहावा.

जुन्या यंत्रांचे पुढे काय : कप्सच्या तिसऱ्या पिढीतून पीपीडी (प्रिंटरचे वर्णन देणाऱ्या) फाइलींवर चालणारे पारंपरिक ड्रायव्हर वगळण्याचे ओपनप्रिंटिंगने ठरवले आहे. त्यांची जागा ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ या स्वतंत्र आज्ञावली घेतील. जाळ्यावरून ड्रायव्हरविना चालणाऱ्या नव्या प्रिंटरांना त्याने फरक पडत नाही. 1020 किंवा 2900 ज्यांच्याकडे आहे त्यांनी प्रणालीची नवी आवृत्ती टाकण्याआधी आपल्या मॉडेलसाठी अशी आज्ञावली उपलब्ध आहे का ते तपासावे. नसेल तर उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या, पाच वर्षे आधार मिळणाऱ्या आवृत्तीवर राहावे आणि चालू असलेल्या मांडणीची प्रत काढून ठेवावी.