कुस्तीचा व्हिडिओ गेम : जोड कोणती लावावी?

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब असो की पुण्यातील कोथरूड, शाळकरी मुलांना जॉन सीना जितका ठाऊक असतो तितके खाशाबा जाधव नसतात, अशी तक्रार वडीलधारी मंडळी नेहमी करतात. ती खोटी नाही. नव्वदच्या दशकात ट्रम्प कार्डे आणि केबल, त्यानंतर प्लेस्टेशन आणि आता मोबाइल अशा वाटेने अमेरिकी कुस्ती घराघरांत पोहोचली. पडद्यावरच्या या कुस्तीत नव्याने उतरणाऱ्यांची फसगत मात्र बहुधा एकाच ठिकाणी होते. खेळ सुरू करताना 'ईझी', 'नॉर्मल', 'हार्ड' असे पर्याय समोर येतात आणि त्यांतला कोणता घ्यावा हे कोणी सांगत नाही. सोपी पातळी घेणारा महिनोन्‌महिने जिंकत राहतो आणि काहीच शिकत नाही. ईर्षेने कठीण पातळी घेणारा तासाभरात वैतागून कंट्रोलर खाली ठेवतो. काही हजार रुपये मोजून आणलेली डिस्क मग कपाटात पडून राहते.

गावाकडच्या दंगलीत हा प्रश्न वस्ताद आणि पंच मंडळी सोडवतात. नागपंचमीच्या किंवा जत्रेच्या आखाड्यात आधी रेवड्या-बत्ताशांवर लहानग्यांच्या कुस्त्या होतात, मग रोख इनामाच्या आणि शेवटी मानाची कुस्ती. जोड लावताना वय, वजन आणि तयारी पाहिली जाते. फारच हलका गडी समोर दिला तर पैलवानाचा कस लागत नाही, फारच भारी दिला तर तो दुखापत घेऊन घरी जातो. खाशाबा जाधवांचेच उदाहरण घेता येईल. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. मातीत तयार झालेल्या या मल्लाला गादीवरच्या कुस्तीचा सराव नव्हता. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी ५७ किलोच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. या चार वर्षांत पृष्ठभाग बदलला, गट बदलला आणि त्यानुसार तयारीही बदलली. गेममधील पातळीकडे याच नजरेने पाहिले तर निवड बरीच सोपी होते.

पातळी बदलली की बदलते काय?

कठीण पातळीवर संगणकाचा पैलवान अधिक बलवान होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सर्वांत मोठा फरक पडतो तो त्याच्या तोडीत. आपल्या कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते. ढाक लावू पाहणाऱ्याला ती ठाऊक असणारा गडी भेटला की डाव अंगलट येतो. गेममध्ये या तोडीला 'रिव्हर्सल' म्हणतात. सोप्या पातळीवर संगणक क्वचितच तोड काढतो. पातळी चढत गेली की तो वारंवार तोड काढतो, चूक झाल्याबरोबर हल्ला करतो आणि खेळाडूला सावरायला उसंत देत नाही. म्हणूनच सोप्या पातळीवर एकच फेक दहा वेळा मारून सामना जिंकता येतो. ती सवय हाडीमाशी खिळली की मग 'हार्ड'वर किंवा हाडामांसाच्या मित्रासमोर काहीच चालेनासे होते.

भारतात ज्या गेमने ही आवड खऱ्या अर्थाने रुजवली तो 'स्मॅकडाउन : हिअर कम्स द पेन' ऑक्टोबर २००३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आला. जपानच्या यूक्स कंपनीने तो तयार केला होता. त्यात ईझी, नॉर्मल, हार्ड आणि सर्वांत वरची 'स्मॅकडाउन' अशा चार पातळ्या होत्या. ठोशा-लाथांची तोड काढण्यासाठी एक बटण आणि पकडीची तोड काढण्यासाठी दुसरे, अशी त्याची रचना होती. गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे देऊन खेळणाऱ्या कित्येकांना हा भेदच माहीत नसे, कारण बाजारातील नकली डिस्कबरोबर माहितीपुस्तिका येत नसे! बटणे दणादण दाबणे म्हणजेच खेळणे, हा गैरसमज तिथूनच पसरला असावा. २००९ च्या 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २०१०'पासून तोडीसाठी एकच बटण ठेवण्यात आले. २०१५ च्या '२के१६'मध्ये तर एका सामन्यात किती वेळा तोड काढायची यावरही मर्यादा आली आणि केव्हा तोड काढावी यापेक्षा केव्हा काढू नये हे शिकावे लागले.

२०१९ चा '२के२०' दोषांनी भरलेला निघाला आणि पुढच्या वर्षी या मालिकेतील मुख्य गेम आलाच नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या '२के२२'मध्ये नियंत्रणे नव्याने आखलेली होती. हलका प्रहार, जड प्रहार आणि पकड अशी तीन बटणे जोडून हल्ल्यांची साखळी तयार होते. समोरचा पुढे कोणते बटण दाबणार हे ओळखून आपण तेच दाबले की साखळी तुटते. पातळ्या ईझी, नॉर्मल, हार्ड आणि लेजेंड. या इतिहासाचा व्यवहारातला अर्थ असा, की एका आवृत्तीसाठी दिलेला सल्ला दुसरीला लागू पडेलच असे नाही. मित्राकडून शिकलेली युक्ती चालत नसेल तर आधी आवृत्ती तपासावी.

निवड आणि सराव

नवख्याने 'नॉर्मल'पासून सुरुवात करणे उत्तम. 'ईझी' ही पातळी बटणे ओळखण्यासाठी आहे. तिथे दोन-तीन सामन्यांपेक्षा जास्त रेंगाळण्यात अर्थ नाही. पुढे एक साधा हिशेब ठेवता येतो. लागोपाठ पाच सामन्यांपैकी चार जिंकले तर पातळी वाढवावी. पाचही गमावले आणि आपण का हरलो हे सांगता येत नसेल तर एक पायरी खाली यावे. हरण्याचे कारण सांगता येत असेल तर खाली येण्याची गरज नाही. तिथे शिकणे सुरू झालेले असते.

पातळीची आणखी एक किल्ली अनेकांच्या लक्षातच येत नाही. ती म्हणजे पैलवानाची निवड. प्रत्येक मल्लाला गेममध्ये गुणांक दिलेला असतो. सर्वाधिक गुणांकाचा मल्ल स्वतः घ्यायचा आणि समोर दुबळा ठेवायचा, मग 'हार्ड'वर जिंकल्याची बढाई मारायची, याला आखाड्यात कोणी कुस्ती म्हणणार नाही. उलट घरात थोरला आणि धाकटा भाऊ एकत्र खेळत असतील तर थोरल्याने कमी गुणांकाचा मल्ल घ्यावा. सामना काट्याचा होतो आणि धाकटा रडत नाही. 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००८'मध्ये द ग्रेट खलीचा समावेश झाला तेव्हा तो कोणी घ्यायचा यावरूनच भांडणे होत. अवाढव्य खलीला फेकता फेकता हलक्या मल्लाचा घाम निघे, आणि बचाव शिकायला तोच सामना उपयोगी पडे.

नव्या आवृत्त्यांत याहून बारीक सोय आहे. पर्यायांच्या यादीत संगणकाने प्रहाराची तोड किती वेळा काढावी, पकडीची किती वेळा, हे स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येते. 'नॉर्मल' फार सोपे आणि 'हार्ड' फार जड वाटत असेल तर 'हार्ड' ठेवून फक्त पकडीची तोड थोडी कमी करावी. ही अर्धी पायरी फार उपयोगाची आहे.

सरावाचा मुद्दा आला की बहुतेक जण नवे डाव पाठ करायला बसतात. त्याआधी बचाव शिकावा. '२के२२'मध्ये ड्रू गुलाक हा मल्ल प्रशिक्षक म्हणून प्राथमिक धडे देतो. ते कंटाळवाणे वाटले तरी टाळू नयेत. त्यानंतर वेळेचे बंधन नसलेला एक सामना 'हार्ड'वर लावावा आणि पहिली पाच मिनिटे एकही हल्ला न करता केवळ तोड काढत राहावे. मार खूप बसेल. पण पडद्यावर बटणाची खूण उमटण्याची वाट पाहण्याऐवजी समोरच्याचा खांदा केव्हा हलतो, हात केव्हा उठतो याकडे डोळे जाऊ लागतात. जाणता पैलवानही समोरच्याचे पाय आणि खांदे वाचत असतो. डाव शिकायचे असतील तर दुसरा कंट्रोलर जोडून तो कोणाच्याही हाती न देता सामना सुरू करावा. समोरचा मल्ल खांबासारखा उभा राहतो आणि प्रत्येक पकड सावकाश करून पाहता येते.

आणि तरीही तोड साधत नसेल तर दोष टीव्हीचा असू शकतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बटण दाबणे आणि चित्र हलणे यांत जवळजवळ अंतर नसे. आताचे सपाट टीव्ही चित्र अधिक सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात काही मिलिसेकंद, कधी कधी शंभरच्या आसपासही, खर्ची पडतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. म्हणजे क्षणभराच्या तोडीच्या संधीतून पाच-सहा चित्रे निसटून जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असल्यास तो सुरू करावा. बऱ्याच जणांची पातळी एवढ्यानेच एका पायरीने वर चढते.

मोबाइलवरची गोष्ट वेगळी

बोरी अरबसारख्या गावांत कन्सोलपेक्षा मोबाइलच अधिक हातांत आहेत, आणि तिथे 'पातळी' या शब्दाचा अर्थच बदलतो. रिलायन्स गेम्स या भारतीय कंपनीने २०१७ मध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूई मेहेम' हा गेम आणला. तो फुकट उतरवून घेता येतो. त्यात मल्लांना तारे आणि श्रेणी असतात. पुढच्या फेरीतला मल्ल कठीण वाटतो तो त्याच्या ताऱ्यांमुळे. आपला मल्ल वाढवायचा तर वेळ द्यावा लागतो किंवा पैसे. कौशल्य मुळीच लागत नाही असे नाही. योग्य क्षणी बचाव करणारा इथेही वरचढ ठरतो. परंतु एका टप्प्यानंतर हरण्याचे कारण बोटांत आहे की आकड्यांत, हे मुलाला कळत नाही आणि वडिलांच्या मोबाइलवरील खात्यातून पैसे जाऊ लागतात. समान ताऱ्यांच्या मल्लाकडून हरलो असू तर सराव कमी पडला. दोन तारे अधिक असलेल्याकडून हरलो असू तर ती जोडच चुकीची होती, हे मुलांना एकदा नीट समजावून द्यावे. त्याचबरोबर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीआधी पडताळणी मागण्याचा पर्याय असतो. मोबाइल मुलाच्या हाती देण्यापूर्वी तो सुरू आहे ना, हे पालकांनी पाहून घ्यावे.