यूचं धनुष्य: घाईत न घडणारं हत्यार

धनुष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रामायणाच्या चित्रातलं नक्षीदार, वळणदार धनुष्य येतं. आज आपण ज्याबद्दल बोलणार आहोत ते दिसायला अगदी साधं आहे. दोरी उतरवली तर माणसापेक्षा उंच अशी एक काठीच. पण याच काठीच्या बळावर इंग्लंडच्या सैन्याने क्रेसी (1346), प्वातिए (1356) आणि अॅजिनकोर्ट (1415) इथे फ्रेंच सैन्याला हरवलं.

या लढायांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. आपण आज लढाईच्या आधी जाऊ, थेट धनुष्य घडवणाऱ्या कारागिराकडे. प्रश्न सोपा आहे: इतकी वर्षं कामाला आलेलं हे हत्यार गेलं कशामुळे? ‘बंदूक आली म्हणून’ हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं लाकडात दडलेलं आहे.

आधी पुरावा पाहू. 19 जुलै 1545 रोजी आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका पोर्ट्समथजवळ, सोलेंटच्या पाण्यात बुडाली. तिचा सांगाडा 1982 मध्ये वर काढला गेला. गाळात हवा पोचली नव्हती, त्यामुळे लाकूड टिकलं होतं. या नौकेवर 172 धनुष्यं मिळाली, त्यांतली बरीचशी पेट्यांमध्ये रचलेली, आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण. त्याआधी त्या काळातली धनुष्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच शिल्लक होती. म्हणजे ज्या हत्याराच्या एवढ्या कथा सांगितल्या जात होत्या, ते नीट हातात घेऊन पाहायला आपल्याला विसाव्या शतकाची अखेर यावी लागली.

ही धनुष्यं यू नावाच्या झाडाची आहेत. यू हा सूचिपर्णी वृक्ष, युरोपभर आढळणारा, अतिशय हळू वाढणारा. त्याची पानं आणि बिया विषारी असतात. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या आवारात तो हटकून दिसतो. पण धनुष्यासाठी त्याची खरी गंमत खोडाच्या आत आहे. सालीखालचं लाकूड पांढरट असतं, ते ताण सहन करतं. आतला गाभा तांबूस असतो, तो दाब सहन करतो. धनुष्य वाकतं तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते. मग कारागीर काय करतो? काठी अशी काढतो की पांढरा पातळ थर बाहेर राहील आणि तांबूस गाभा आत. आशियात लाकूड, शिंग आणि जनावरांच्या कंडरांचे तंतू सरसाने चिकटवून जे साधलं, ते इथे एकाच लाकडात तयार मिळतं.

आता घडवण्याकडे येऊ. खोड करवतीने कापण्यापेक्षा पाचर ठोकून उभं फोडलेलं बरं, कारण फोडताना लाकूड स्वतःच्या रेषेने दुभंगतं आणि तंतू मध्येच तुटत नाहीत. मग हे तुकडे सावलीत वाळवायचे. भराभर वाळलं की लाकूड तडकतं, म्हणून ही वाट पाहणं महिन्यांचं नाही, वर्षांचं असतं. त्यानंतर कुऱ्हाडीने ओबडधोबड आकार द्यायचा. इथपर्यंतचं काम प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेल्या ‘ओत्झी’ या माणसाकडे जावं लागेल. पाच हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाजवळ यूचंच धनुष्य होतं, 1.82 मीटर लांबीचं आणि अर्धवट घडवलेलं. हत्याराच्या खुणा त्यावर अजून दिसतात.

पुढचं काम नाजूक. बाहेरच्या बाजूला शक्यतो एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. ते मध्ये कुठे छाटलं गेलं, तर तिथून धनुष्य मोडण्याची भीती. आता लाकूड काही सरळ रेषेत वाढत नाही. ते जिथे वळतं तिथे कारागिराने वळायचं, आणि जिथे गाठ असेल तिथे थोडं जास्त लाकूड ठेवायचं. मेरी रोझच्या धनुष्यांवर गाठींजवळचे असे फुगवटे स्पष्ट दिसतात.

शेवटी येतं टिलरिंग. धनुष्य आडव्या आधारावर ठेवायचं, दोरी थोडी खाली ओढायची आणि दोन्ही भुजा कशा वाकतात ते बघायचं. जो भाग ताठ राहिला, तो आतल्या बाजूने किंचित तासायचा. पुन्हा ओढायचं, पुन्हा बघायचं, दर वेळी बोटभर पुढे. एका जागी जास्त तासलं तर सगळा वाक तिथेच येतो आणि धनुष्य पिचतं. तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. इथे मोजपट्टीचा उपयोग मर्यादित, कारण दोन काठ्या सारख्या नसतात. नजर आणि हात, एवढंच. मग टोकांना शिंगाच्या टोप्या बसल्या, दोरी चढली, की धनुष्य तयार.

तयार झालं, पण ओढणार कोण? मेरी रोझची धनुष्यं सरासरी दोन मीटरच्या आसपास लांब आहेत. ती पूर्ण ओढायला 100 ते 185 पौंड, म्हणजे 45 ते 84 किलो बळ लागत असावं असा अंदाज आहे. सिमेंटचं पोतं 50 किलोचं असतं, त्यावरून कल्पना करा. असा तिरंदाज लहानपणापासून घडवावा लागतो. त्या नौकेवरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचं हाड, जे तारुण्यात जुळून येतं, ते जुळलेलंच नव्हतं. हा बालपणापासूनच्या सरावाचा परिणाम असावा, असं अभ्यासकांनी सुचवलं आहे.

आता राज्य काय करत होतं ते पाहू. 1363 मध्ये तिसऱ्या एडवर्डने हुकूम काढला: सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी बाकीचे खेळ सोडून तिरंदाजी करावी. सराव असा हुकमाने करून घेता येतो. झाड मात्र हुकमाने वाढत नाही. इंग्लंडमधला यू बहुधा वेडावाकडा आणि गाठींचा. उत्तम लाकूड आल्प्सच्या उंचीवरचं, थंडीत हळूहळू वाढलेलं, बारीक वलयांचं. म्हणून 1472 मध्ये कायदा झाला की ठरावीक बंदरांतून येणाऱ्या जहाजांनी दर टन मालामागे धनुष्यासाठी चार काठ्या आणाव्यात. पुढे 1484 मध्ये माल्मसी मद्याच्या पिंपामागे दहा काठ्यांची अट आली. हे कायदे नीट वाचले तर ते बळाचे नाहीत, टंचाईचे आहेत. ऑस्ट्रिया, बव्हेरियात व्यापारासाठी इतकी तोड झाली की सोळाव्या शतकात तिथूनच ती थांबवण्याची मागणी होऊ लागली. शंभर वर्षं वाढलेलं झाड तोडायला एक सकाळ पुरते. हेन्रीच्या काळात धनुष्यकारांना यूबरोबर एल्म, अॅश अशा साध्या लाकडांचीही धनुष्यं करायला कायद्याने भाग पाडलं गेलं.

आणि मग बंदूक आली. 1595 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने नागरी सैन्यातल्या धनुर्धाऱ्यांच्या जागी बंदूकधारी घेण्याचा निर्णय घेतला. तेव्हाची बंदूक भरायला वेळ लागे, नेमही बेताचा. पण ती लोखंडाची होती आणि नवखा माणूस थोड्या दिवसांत ती चालवू शकत होता. धनुष्याला झाडाची कितीतरी दशकं, लाकूड वाळण्याची वर्षं आणि माणसाचं सगळं बालपण लागत होतं. त्या काळाच्या लष्करी घाईपुढे हे टिकलं नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. ज्या 1545 साली मेरी रोझ बुडाली, त्याच साली रॉजर अॅस्कमचं ‘टॉक्सोफिलस’ हे तिरंदाजीवरचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. चांगलं धनुष्य कसं ओळखावं आणि जपावं हे तो सांगतो. पण ते घडवायचं कसं, हे त्या पुस्तकातून शिकता येत नाही. ते ज्ञान कारागिरांच्या हातात होतं, आणि युद्धासाठीची मागणी संपली तसे ते हातही कमी झाले. आजचे कारागीर तशी जड धनुष्यं पुन्हा करू शकतात, ते पाण्यातून वर आलेल्या त्या काठ्या तपासून, त्यांच्यासारख्या नव्या घडवून आणि वाटेत अनेक मोडून. म्हणजे जे पुस्तकात उतरलं नव्हतं, ते आपल्याला एका बुडालेल्या जहाजाच्या पेट्यांमधून परत मिळालं.