राजापूरचे बंदर गाळाने बुडाले?

राजापूरचे बंदर गाळाने बुडाले, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या काठचे हे गाव समुद्रापासून सुमारे २५ किलोमीटर आत आहे. निव्वळ बंदर म्हणून कोणी एवढ्या आत जागा निवडली नसती. राजापूर घडले ते दोन वाटांच्या भेटीमुळे. अणुस्कुरा घाटाच्या फरसबंद वाटेने लदणीचे बैल देशावरचा माल घेऊन उतरत आणि भरतीचे पाणी मचवे, पडाव थेट गावाच्या पायथ्याशी आणून सोडी. गोण्या बैलाच्या पाठीवरून उतरल्या की काही पावलांवर होडीत चढत. मिरी आणि कापडासाठी इंग्रजांनी १६४९च्या सुमारास इथे वखार घातली, ती या सोयीपायीच.

राजकारणाने बाजार मोडला, असा एक आक्षेप घेतला जातो. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले, म्हणून शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर चाल करून वखारवाल्यांना कैद केले. पण पुढे इंग्रजांची वखार कायमची उठली, तरी राजापूरचा व्यापार चालूच राहिला. गाळाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाडी उथळ होत गेली, मोठी गलबते मुखाशी जैतापूरलाच थांबू लागली, हे खरेच. मात्र तिथून लहान होड्यांत माल भरून भरतीबरोबर वर आणता येत होता. घाटावरून माल येत होता, तोवर हा जादा खर्च परवडत होता. १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे पोहोचली आणि देशावरच्या मालाला मुंबईची सरळ वाट मिळाली. मग अणुस्कुरा उतरून भरतीची वाट कोण पाहणार? गाळाने बंदर अडचणीत आणले. मालाने पाठ फिरवली तेव्हा ते संपले.

या इतिहासाची किंमत राजापूरकर अजून मोजतात. होडीत माल चढवण्यासाठी बाजार पाण्यालगत वसला. होड्या गेल्या, बाजार तिथेच राहिला. आजही पावसाळ्यात नद्या फुगल्या की पाणी जवाहर चौकात शिरते आणि दुकानदारांना माल वर हलवावा लागतो. गाळ उपसायला हवाच. पण नदी नव्हे, वाट बदलल्याने हे गाव मागे पडले, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.