सँडब्लास्टिंग करताना तोंडाला रुमाल पुरतो का?

नाही. गंज किंवा जुना रंग काढायला हवेच्या दाबाने लोखंडावर वाळू मारतात, तेव्हा ती आदळून फुटते. तिच्यातल्या सिलिकाचे कण इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते रुमालातून आरपार जातात आणि फुप्फुसात खोलवर रुततात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. खोकला आणि धाप टीबीसारखीच असते, म्हणून डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगा.

खरा उपाय मास्कच्याही आधी सुरू होतो: वाळूच बदला. ब्रिटनने कारखान्यांतल्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला १९४९ सालीच बंदी घातली. तुर्कस्तानात जीन्स फिकट करणारे तरुण कामगार या आजाराने दगावले, तेव्हा कुठे २००९ मध्ये तिथे जीन्सवर वाळू मारणं थांबलं.

वाळूऐवजी स्टील ग्रिट किंवा गार्नेट चालतं. तरी जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं हेल्मेट हवंच. धूळ पूर्ण बसेपर्यंत ते काढू नका. शेजारी उभा असलेला हेल्परही तीच हवा घेतो, हे बहुतेक ठिकाणी विसरलं जातं. कपडे हवेच्या पाइपने झटकू नका, कामावरच बदला. घरी मुलं असतात.