मुनव्यापासून बाटलीपर्यंत

खानदेशात टिश्यू कल्चर म्हटले की आठवते ती ग्रँड नैन, म्हणजे ‘जी-नाइन’ केळी. १९९०च्या दशकापासून जळगावची केळी बदलली ती प्रयोगशाळेने, असे सरसकट सांगितले जाते. हे श्रेय जरा तपासून द्यायला हवे. खायच्या केळीत बी नसते. तिची लागवड पूर्वापार मुनव्यांवर, कंदांवरच चालत आली. बसराई असो की श्रीमंती, बागेतले प्रत्येक झाड आईची नक्कलच होते. नक्कल करायला शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही. प्रयोगशाळेतल्या बाटलीने दिले ते वेगळेच: कंदाबरोबर येणाऱ्या सोंडकिडीपासून, सूत्रकृमींपासून सुटका, आणि एका वयाची हजारो रोपे.

या तंत्राचा उगमही रोगमुक्तीकडेच बोट दाखवतो. सुट्या पेशीतून अख्खी वनस्पती उभी राहू शकेल, ही कल्पना गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२मध्ये मांडली. त्यांच्या पेशी जगल्या, फुगल्या, पण विभागल्या नाहीत. वाढीची संप्रेरके तेव्हा ठाऊकच नव्हती. या संप्रेरकांपैकी ऑक्सिनचा अंश वरचढ असेल तर मुळे आणि सायटोकायनिनचा असेल तर कोंब, हे स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवले ते १९५७मध्ये. तोवर फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२मध्येच डेलियाच्या शेंड्याचे सूक्ष्म टोक वाढवून विषाणूमुक्त रोपे मिळवली होती, कारण त्या टोकापर्यंत विषाणू सहसा पोहोचत नाही. १९६०मध्ये मोरेल यांनी हाच उपाय सिंबिडियम ऑर्किडवर केला. हेतू रोग घालवण्याचा; पण एका शेंड्यातून किती रोपे निघतात हे पाहून ऑर्किडचा धंदाच पालटला.

केळीत मुनवा सोलत सोलत आतल्या कोवळ्या शेंड्यापर्यंत जायचे, तो निर्जंतुक करून बाटलीतल्या अगारवर ठेवायचा, फुटलेले कोंब काही आठवड्यांनी वेगळे करून नव्या बाटलीत घालायचे. फेऱ्या फार झाल्या की बुटकी, वेड्यावाकड्या पानांची रोपे निघतात, म्हणून लोभ आवरावा लागतो. कुणी म्हणेल, उत्पादन वाढले ते वाणामुळे आणि ठिबकमुळे. बरोबरच आहे, ग्रँड नैन काही बाटलीत जन्मलेली नाही, ती कॅव्हेंडिश गटातली. पण लहानमोठे मुनवे लावले की घड पुढेमागे निसवतात. रोपे एका वयाची असली, तरच ठिबकमधून खत देण्याचे वेळापत्रक आणि एकदम काढणी जमते. दुसरा आक्षेप एकसारखेपणाचा: एक रोग आला की सगळे साफ. मात्र विसाव्या शतकात मध्य अमेरिकेतल्या ग्रो मिशेल वाणाच्या बागा पनामा रोगाने संपल्या, त्या मुनव्यांवर वाढलेल्या होत्या. प्रयोगशाळेचा खरा धोका दुसरा आहे. रोप स्वच्छ असले तरी त्याला प्रतिकारशक्ती मिळत नाही; मावा शेतात सीएमव्ही हा विषाणू आणतोच. आणि मातृवृक्षच बाधित निघाला, तर एका मुनव्यातला विषाणू हजारो रोपांत जातो. मातृवृक्षाची आणि रोपांची विषाणू-तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची केंद्राची व्यवस्था २००६मध्ये आली ती याच कारणाने. रोपे घेताना भावाइतकीच चौकशी त्या प्रमाणपत्राची करणारा बागायतदार अजून विरळाच भेटतो.