गिडियन विरुद्ध वेनराइट

ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणे अमेरिकेतील राज्यांवर बंधनकारक करणारा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (१८ मार्च १९६३).

फ्लॉरिडातील पनामा सिटी येथे जून १९६१ मध्ये पूल खेळण्याचा एक अड्डा फोडून यंत्रांतली चिल्लर लांबवण्यात आली. क्लॅरेन्स अर्ल गिडियन पकडला गेला. तुरुंगाची हवा त्याने पूर्वीही खाल्ली होती. त्याने वकील मागितला. फ्लॉरिडात तो फक्त देहदंडाच्या खटल्यात मिळे, म्हणून न्यायाधीशांनी नकार दिला. ‘सर्वोच्च न्यायालयानेच हा हक्क दिला आहे’ असे गिडियनने ठणकावले. खरे तर त्या दिवशी कायदा त्याच्या बाजूने नव्हता : खास परिस्थिती नसेल तर राज्यांनी वकील देण्याची गरज नाही, असे बेट्स विरुद्ध ब्रेडी (१९४२) मध्ये ठरले होते. गिडियनने आपला खटला स्वतःच चालवला. शिक्षा झाली पाच वर्षे.

तुरुंगातून त्याने रेघी कागदावर पेन्सिलीने लिहिलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतला आणि त्याच्यासाठी एब फोर्टस हे नामांकित वकील नेमले. वेनराइट म्हणजे राज्याच्या तुरुंग खात्याचे प्रमुख. कैदी त्यांच्या ताब्यात, म्हणून प्रतिवादी तेच. २२ राज्यांनी गिडियनची बाजू उचलून धरली, हे विशेष. निकाल एकमताचा होता आणि तो लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. बेट्समध्ये त्यांनीच विरोधी मत नोंदवले होते. सरकार खटल्यासाठी वकिलांवर पैसा ओतते, ऐपतदार आरोपीही चांगला वकील गाठतो. मग वकील ही चैन कशी, असा त्यांचा रोख होता. सहाव्या घटनादुरुस्तीतील हा हक्क चौदाव्या दुरुस्तीद्वारे राज्यांना लागू झाला.

ऑगस्ट १९६३ मध्ये फेरसुनावणी झाली. न्यायाधीश तेच, मुख्य साक्षीदारही तोच. या वेळी स्थानिक वकील फ्रेड टर्नर यांनी उलटतपासणीत त्या साक्षीदारावरच संशय वळवला. ज्यूरीने सुमारे तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवले. निकालाचे मर्म त्याच्या तर्कापेक्षा या तासाभरात अधिक स्पष्ट दिसते.

भारतातही होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी मोफत कायदेशीर मदतीचा विचार करताना या निकालाचा आधार घेतला.

अमेरिकेत पुढे किरकोळ गुन्ह्यांनाही हा हक्क लागू झाला (१९७२), मात्र प्रत्यक्ष कैदेची शिक्षा होणार असेल तरच (१९७९). दिवाणी दाव्यांना तो लागू नाही; घर खाली करण्याच्या दाव्यातील भाडेकरूला गिडियनचा आधार घेता येत नाही.