शिरगणतीत न मावलेल्या बाया

वरळी कोळीवाड्याचा इतिहास विचारायचा तर दुपारी जावं. बाया बाजार आटोपून परतलेल्या असतात आणि वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या काठ्यांच्या मांडवावर, टांगलेल्या बोंबलांची राखण करत एखादी म्हातारी बसलेली असते. बोंबील टांगायला आजीने मला तिथेच शिकवलं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी काठीवर टाकायची. दोरा लागत नाही. हात चालू असले की तिला जुनं आठवायचं.

त्यातली एक गोष्ट 1971च्या शिरगणतीची. नोंद करणारे मास्तर वही घेऊन दारात आले. आजोबांनी स्वतःच्या नावापुढे मासेमारी लिहून घेतली. "आणि बायको?" "ती घरीच." त्या घटकेला आजी डोक्यावर पाटी घेऊन गिरणी कामगारांच्या बीडीडी चाळींत म्हावरं विकत होती. डिझेलचे आणि नव्या जाळ्याचे पैसे तिच्याच कनवटीतून सुटायचे.

पुढे मी एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकायला गेले आणि ही गोष्ट आमच्या एकट्या घरातली नाही हे उमगलं. नीरा देसाईंनी तिथे 1974 साली स्त्री-अभ्यासाचं संशोधन सुरू केलं. त्याच वर्षी स्त्रियांच्या स्थितीवरच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल आला. हजार पुरुषांमागे 930 स्त्रिया आणि नोंदलेल्या कामगारांत बायांचा घटता वाटा, हे आकडे त्याने देशापुढे ठेवले. बायांच्या कामाची व्याख्याच तोकडी आहे, हे अभ्यासक आणि चळवळीतल्या बाया सांगत राहिल्या. 1981 साली स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही एसएनडीटीतच भरली. 1991च्या शिरगणतीत कामाच्या प्रश्नाला जोड मिळाली: शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोबदला कामही धरा. एवढ्या एका ओळीसाठी किती जणी झिजल्या!

ऐकावं कसं, हे मी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्याकडून शिकले. आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध बायांना गाठून, त्यांच्या आठवणी लिहून घेऊन त्यांनी 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केलं. मग मीही आजीला नेमके प्रश्न विचारू लागले. 18 जानेवारी 1982ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा तुझ्या धंद्याचं काय झालं? ती म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या हातात पैसाच नव्हता, बाय. ताजं कोण घेणार? मग सुकट नेली, जवळा नेला. उधार दिला. पोरं उपाशी कशी ठेवायची?" कुठल्या खोलीकडे किती येणं आहे, ते तिला तोंडपाठ होतं. त्यातलं पुष्कळ बुडालं. संपाच्या इतिहासात कामगार नेते दत्ता सामंत भेटतात, मोर्चे भेटतात. चाळींतल्या चुली तगवणारी ही उधारी मला कुठे भेटली नाही.

आज किनारी रस्ता कोळीवाड्याच्या तोंडाशी आला आहे. मच्छीमार झगडले, म्हणून होड्यांच्या वाटेवरच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटरवरून 120 मीटर झालं. भरपाईची चर्चा मात्र होड्यांभोवती फिरते, आणि होड्या बहुधा पुरुषांच्या नावावर. मासळी कमी आली तर पाटी रिकामी राहते, त्या पाटीचा परवाना कुणाकडे मागायचा? म्हणून वस्तीतल्या पोरींना मी म्हणते, विद्यापीठात हा विषय जरूर घ्या, आणि पहिली नोंद आपल्याच घरातल्या बाईच्या कामाची करा. तिचं नाव, तिचा बाजार, तिची मिळकत, तिची उधारी. पुढच्या वेळी वही घेऊन कुणी दारात आलं, तर उत्तर तिने स्वतः द्यायला हवं.